सोळाशे की आठशे?

पहाटे पाचच्या सुमारास संगमनेरमधून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा. अंधारात पळणारी पोरं-पोरी भेटतातच. कुणाच्या पायात बरे बूट, कुणी अनवाणी, एकाच्या हातात मोबाइलचं घड्याळ. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भरतीची तयारी." पोलीस भरतीची. या पोरांना बाकी काही आठवो न आठवो, काही आकडे तोंडपाठ असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. उंची मुलांना किमान १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५.

आता माझा एक साधा प्रश्न. जन्माच्या दाखल्यावर 'मुलगा' लिहिलंय, पण जी व्यक्ती स्वतःला बाई मानते आणि बाई म्हणूनच जगते, तिनं किती पळायचं?

हसण्यावारी नेऊ नका. हाच प्रश्न २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्तींसमोर गेला होता. तिथं काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी थोडं मागे जाऊ. चांगलंच मागे, आईच्या पोटापर्यंत.

मुळात आकडे दोन का? शरीरं दोन प्रकारची, म्हणून. पण ती दोन प्रकारची होतात कशी, हे पाहिलं की माणूस थक्क होतो. पहिले सहा-एक आठवडे गर्भाला या बाबतीत काहीच ठरवायचं नसतं. पुढे पुरुषाच्या अवयवांत रूपांतर होणाऱ्या नळ्या त्याच्याकडे असतात आणि बाईचं गर्भाशय घडवणाऱ्या नळ्याही असतात. दोन्ही संच, प्रत्येकाकडे! म्हणजे तुम्ही, मी आणि कुस्तीच्या फडातला तो दांडगा पैलवान, सगळे काही आठवडे दोन्हीकडची तयारी बाळगून बसलो होतो.

मग एक बटण दाबलं जातं. वाय गुणसूत्रावर 'एसआरवाय' नावाचा इवलासा जनुक आहे. शास्त्रज्ञांना तो सापडला १९९० साली. तो जागा झाला की गर्भातल्या ग्रंथी वृषणाच्या वाटेला लागतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि ते रसायन अंगभर निरोप धाडतं. बटण नसेल तर दुसरी वाट. पुढे बारा-चौदा वर्षांनी याच रसायनाची मोठी लाट येते. खांदे रुंदावतात, हाडं लांबतात, स्नायू भरतात. धावण्यातल्या उच्च पातळीवर पुरुष आणि बायका यांच्यात साधारण दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो, तो त्यानंतरचा.

इथवर सगळं सरळ वाटतं ना? तर ऐका. काही जणींच्या शरीरात वाय गुणसूत्र असतं, बटणही दाबलं जातं, टेस्टोस्टेरॉनही बनतं, पण पेशींना तो निरोपच वाचता येत नाही. पोस्टमन रोज येतो आणि घराला दारच नाही, असला प्रकार. बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं आणि आतली गोष्ट कुणाला, तिलाही, ठाऊक नसते.

हे झालं शरीराचं. आणि 'मी कोण' ही आतली जाणीव? तिच्यासाठी रक्ताची चाचणी नाही, एक्स-रे नाही. तृतीयपंथी व्यक्तीचं शरीर वैद्यकीयदृष्ट्या अगदी नेहमीसारखं असू शकतं आणि जाणीव मात्र दुसऱ्या बाजूची. मग खरं-खोटं कोण ठरवणार? पोट दुखतंय हे डॉक्टरला कोण सांगतं, ते आठवा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. आपल्याकडे शाळेच्या पटांगणापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे त्यांची भेळ होते.

खेळाच्या मैदानाला ही गुंतागुंत परवडत नाही. त्याला रेघ हवी. तमिळनाडूच्या शांती सौंदराजननं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं, लिंगचाचणीत ती अडकली आणि पदक काढून घेतलं गेलं. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेआधी वगळलं, कारण तिच्या शरीरात निसर्गतःच टेस्टोस्टेरॉन जास्त होतं. या दोघी तृतीयपंथी नव्हत्या, जन्मापासून मुलीच. द्युती थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेली. लवादानं जुलै २०१५ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाला जे विचारलं, ते फार मूलभूत होतं: या रसायनानं नेमका किती फायदा होतो, ते दाखवा. पुरेसा पुरावा आला नाही, नियम स्थगित झाला, द्युती २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला धावली.

महासंघ २०१८ मध्ये नवा नियम घेऊन आला, तो फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता. एक मैल म्हणजे १६०९ मीटर. आमच्या भरतीची ८०० आणि १६०० ही दोन्ही अंतरं नेमकी त्या पट्ट्यात बसतात! हा निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही. पुढे २०२३ मध्ये पुरुषी वयात येणं अनुभवलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिलांच्या जागतिक स्पर्धांतून वगळलं गेलं आणि सप्टेंबर २०२५ पासून महिला गटासाठी एकदाच करायची जनुकचाचणी आली. कुठल्या जनुकाची? त्याच, १९९० च्या बटणाची.

ऑलिंपिकचं एक वेळ राहू द्या. तिथं सेकंदाच्या शंभराव्या भागाला किंमत आहे. पण पोलीस भरतीत आपण नक्की काय मोजतो? चोर काही मागून पळणारा पोलीस कुठल्या रकान्यातला आहे ते बघून वेग ठरवत नाही.

रकान्यांचा विषय निघालाच आहे, तर माजलगाव तालुक्यातली गोष्ट ऐका. बीड जिल्ह्यातल्या महिला शिपाई ललिता साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं. त्यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्यापुढे पेच उभा राहिला. भरती झाली ती बाईच्या उंचीच्या निकषावर, मग पुरुष झाल्यावर नोकरी ठेवायची कशी? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे 'मॅट'कडे जायला सांगितलं गेलं. शेवटी सरकारनं परवानगी दिली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून त्याच खात्यात रुजू झाले. १५५ आणि १६५ यांच्यामधले ते दहा सेंटिमीटर सरकारनं एका सहीनं ओलांडले!

सरकारची सही काय काय करू शकते, हे इतिहासात पाहिलं तर आणखी गंमत आहे. मराठेशाहीत दख्खनमध्ये काही हिजड्यांकडे चक्क सनदा होत्या. ठरलेल्या गावांतून पैसा-धान्य मागायचा त्यांचा हक्क कागदावर होता. पाटलाला पाटीलकी, कुलकर्ण्याला कुलकर्ण, तसा यांना हा हक्क. वारसा रक्ताचा नव्हे, गुरूकडून चेल्याकडे. कंपनी सरकारच्या साहेबांना हे पचेना. इनामं तपासण्यासाठी १८५२ चा कायदा आला, त्यात सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारी इनामं चालू ठेवायची नाहीत अशी तरतूद होती. हक्क गेला. मग १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागानं उत्तर हिंदुस्थानात या लोकांची नावं आणि मालमत्ता पोलिसांच्या नोंदवहीत चढवली. बायकांच्या वेशात चारचौघांत नाचलं तरी अटक. वीस वर्षांच्या आत दख्खनमधली सनद गेली आणि उत्तरेत हाच समाज संशयितांच्या यादीत गेला होता.

यादीतून तो बाहेर कसा आला? राज्यघटनेतल्या एका छोट्या शब्दानं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नको, असं पंधरावं कलम म्हणतं. त्यातला 'लिंग' हा शब्द चौसष्ट वर्षं तिथंच होता. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी तो नव्यानं वाचला. लिंग म्हणजे केवळ अवयव नव्हेत, माणसाची स्वतःबद्दलची जाणीवही त्यात येते, असं त्यांनी ठरवलं. खटला दाखल केला होता राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, म्हणजे एका सरकारी संस्थेनं सरकारविरुद्ध! आणि ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्यात सामील झाल्या होत्या. घटनेत काना-मात्रा बदलला नाही आणि लाखो माणसांचं कायद्यातलं स्थान बदललं.

पाठोपाठ संसदेचा कायदा आला. राज्यसभेनं तो २६ नोव्हेंबर २०१९ ला, नेमका संविधान दिनी, मंजूर केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. त्यात शाळा-कॉलेजांना सांगितलं की शिक्षण, खेळ, करमणूक यात तृतीयपंथी मुलांना इतरांच्या बरोबरीनं संधी द्या. रुग्णालयांबद्दल सांगितलं की शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार, समुपदेशन यांची सोय करा. आणि मला सर्वांत नवल वाटलं ते याचं की डॉक्टरांचा अभ्यासक्रमही तपासा, असं कायद्यातच लिहिलं. २०२० च्या नियमांत तर संगमनेरच्या माणसाला नगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालायचीही गरज ठेवली नव्हती. प्रतिज्ञापत्र जोडून ऑनलाइन अर्ज केला की झालं, शरीराची तपासणी नाही. १८७१ मध्ये सरकार संशयावरून नाव नोंदवत होतं, २०२० मध्ये माणूस स्वतः सांगत होता आणि सरकार लिहून घेत होतं.

सगळं गोड नव्हतं. तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला या कायद्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची. बाईवर तोच अत्याचार झाला तर शिक्षा कितीतरी अधिक. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आणि शाळा? २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांच्यातलं साक्षरतेचं प्रमाण सुमारे ५६ टक्के होतं, सगळ्या देशाचं ७४ टक्के. हा अठरा टक्क्यांचा खड्डा कुठल्या जनुकानं पाडला? कुठल्याच नाही. तो वर्गातल्या हसण्यानं पाडला, मागच्या बाकानं पाडला, हजेरीपटानं पाडला.

कायद्याचं वाक्य कितीही मोठं असो, ते शेवटी येऊन थांबतं ते एका छापील अर्जापाशी. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात तृतीयपंथी अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव प्रभागातून अर्ज भरला, तो फेटाळला गेला. औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ मध्ये त्यांना बाई म्हणून लढू दिलं. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. गावानं मतपेटीतून जे सांगितलं, ते निवडणूक अधिकाऱ्याच्या रकान्यात मावत नव्हतं.

आता पुन्हा मैदानावर येऊ. तमिळनाडूत तृतीयपंथी उमेदवार के. प्रीतिका याशिनी या १०० मीटरच्या धावेत सेकंदभरानं मागे पडल्या म्हणून फौजदारकीच्या भरतीतून बाद झाल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तो सेकंद बाजूला ठेवायला लावला. महाराष्ट्रात २०२२ ची भरती निघाली, अठरा हजारांहून अधिक जागांची. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या तृतीयपंथी उमेदवारांना अर्ज करायचा होता. संगणक विचारत होता: पुरुष की स्त्री? तिसरं काही निवडायची सोयच नव्हती. त्या 'मॅट'कडे गेल्या. न्यायाधिकरणानं नोव्हेंबरमध्ये सरकारला तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. अडचण काय सांगितली? तीच, पहाटेच्या पोरांना तोंडपाठ असलेली. यांच्या मैदानी चाचणीचे निकषच ठरलेले नाहीत, तर भरती करायची कशी?

मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती अभय आहुजा यांनी १६०० की ८०० हे स्वतः ठरवलं नाही. त्यांनी चेंडू सरकारकडेच ठेवला आणि घड्याळ लावलं. २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत निकष ठरवा, या उमेदवारांची मैदानी चाचणी घ्या आणि त्यानंतरच लेखी परीक्षा घ्या. कुणाची लेखी परीक्षा? सगळ्यांची! प्रवरेकाठी पळणाऱ्यांची, गडचिरोलीत पळणाऱ्यांची, राज्यातल्या लाखो उमेदवारांची. दोघींसाठी किती पळायचं हे ठरल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणालाही पेपर मिळणार नव्हता.

अर्जाच्या संकेतस्थळावर तिसरा पर्याय १३ डिसेंबरपर्यंत टाकू, असं सरकारनं न्यायालयाला सांगितलं. अर्ज भरायची शेवटची तारीख होती १५ डिसेंबर.