इंग्रजी वाक्यातले एका माळेचे मणी

दुपारची कामं आवरली की आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणी माझ्याकडे इंग्रजीला येतात. कुणाला मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, कुणाला कुठेतरी अर्ज द्यायचा असतो, आणि एक-दोघींना आपण इंग्रजीत बोललो की घरच्यांनी हसू नये, एवढंच हवं असतं. शब्द बहुतेकींना येतात. काळही बऱ्यापैकी येतात. वाक्याची सुरुवात तर छानच होते. पण मध्ये ‘अँड’ आला की गाडी घसरलीच म्हणून समजा.

एका बाईंनी बालवाडीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज लिहून आणला होता. बी. ए. झालेल्या, टायपिंगचं सर्टिफिकेट असलेल्या, लग्नाआधी दोन वर्षं लहान मुलांना शिकवलेलं. म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अर्जात मात्र ते असं उतरलं होतं : “आय हॅव अ बी. ए. डिग्री, नोइंग टायपिंग अँड टु टीच स्मॉल चिल्ड्रन फॉर टू इयर्स.” अर्थ कळतो, नाही असं नाही. पण अर्ज वाचणारा माणूस बाईंना ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतो, आणि त्या कागदावर बाईंची हुशारी दिसण्याऐवजी वाक्याची ओढाताण तेवढी दिसते. आम्ही दोघींनी बसून ते असं केलं : “आय हॅव अ बी. ए. डिग्री, अ टायपिंग सर्टिफिकेट अँड टू इयर्स’ एक्स्पीरियन्स ऑफ टीचिंग स्मॉल चिल्ड्रन.” एकही अवघड शब्द नवा घातला नाही. ‘आय हॅव’ म्हटलं ना, मग काय काय आहे तेवढंच सांगायचं. डिग्री आहे, सर्टिफिकेट आहे, अनुभव आहे. तिन्ही नामं.

व्याकरणाच्या पुस्तकांत याला ‘पॅरलल स्ट्रक्चर’ असं भारदस्त नाव आहे. मराठीत आपण समांतर रचना म्हणू. मी मात्र शिकवताना ‘एका माळेचे मणी’ म्हणते. एरवी हा वाक्प्रचार आपण कुणाला तरी नावं ठेवायला वापरतो, पण इथे तो अगदी चपखल बसतो. ‘अँड’, ‘ऑर’ किंवा ‘बट’ या दोऱ्यात जे ओवायचं, ते एकाच घडणीचं हवं. नामाबरोबर नाम, विशेषणाबरोबर विशेषण, ‘टु’ लावलेल्या क्रियापदाबरोबर ‘टु’ लावलेलंच क्रियापद.

आता तुम्ही म्हणाल, हा आणखी एक नियम पाठ करायचा का? मुळीच नाही. हा नियम आपल्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे. “इकडे आड, तिकडे विहीर” म्हणून बघा. “आधी पोटोबा, मग विठोबा”, “खायला काळ, भुईला भार”. दोन्ही बाजू कशा तोलून धरल्या आहेत! ज्या आजीबाईंना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही तोंडी ही समांतर रचनाच होती. उलट “मला वाचन, गाणी ऐकायला आणि शिवते आवडतं” असं कुणी म्हणालं तर आपल्याला ताबडतोब हसू येईल. “मला वाचायला, गाणी ऐकायला आणि शिवायला आवडतं” हेच आपल्या तोंडून निघणार. तिन्हींना ‘-यला’. कुणी शिकवलं आपल्याला हे?

मग इंग्रजीत हाच कान झोपतो कसा? माझ्या मते दोष आपल्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या एका ‘वाचणे’साठी इंग्रजीत कधी ‘रीडिंग’ येतं, कधी ‘टु रीड’ येतं, तर ‘कॅन’च्या पुढे नुसतंच ‘रीड’. ही रूपं शाळेत आपण वेगवेगळ्या धड्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत शिकलो. वाक्य करताना एकेका तुकड्याचं मनात भाषांतर करतो आणि जे रूप आधी आठवेल ते ठेवून देतो. तिसऱ्या तुकड्यापाशी येईपर्यंत पहिला कसा केला होता हे विसरलेलं असतं. म्हणून मग “आय लाइक कुकिंग, टु रीड अँड स्टिच” अशी खिचडी होते. “आय लाइक कुकिंग, रीडिंग अँड स्टिचिंग” म्हणा, किंवा “आय लाइक टु कुक, टु रीड अँड टु स्टिच” म्हणा. ‘लाइक’ला दोन्ही चालतं. मात्र सगळ्याच क्रियापदांचा स्वभाव असा सोसणारा नसतो बरं का. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांना पुढे ‘-इंग’च लागतं, तर ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांना ‘टु’. तेव्हा माळेतला पहिला मणी कोणता घ्यायचा हे पुढचं क्रियापद ठरवतं, आणि बाकीचे मणी पहिल्याकडे बघून घ्यायचे.

वाक्य बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती सांगते. वाण्याची यादी करतो ना, तसे जोडलेले तुकडे एकाखाली एक लिहून काढा. मग वाक्याचं तोंड प्रत्येकाला लावून मोठ्यानं वाचा. “शी कॅन कुक”, ठीक. “शी कॅन स्टिच”, ठीक. “शी कॅन टीचिंग”... इथे जीभ अडखळतेच. जो तुकडा एकट्यानं उभा राहत नाही, तो तिघांच्या घोळक्यातही चुकीचाच असतो. घोळक्यात तो लपतो, इतकंच.

‘टु’, ‘ऑफ’, ‘इन’ अशा बारीक शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर मुलांच्या दप्तरातच सापडतं. बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली. इंग्रजी मजकुरात स्वातंत्र्याची ओळ आहे, “लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप”. पाच नामं आणि सगळ्यांना मिळून ‘ऑफ’ एकदाच. लगेच पुढची ओळ पाहा, “इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी”. इथे दोनच गोष्टी, पण ‘ऑफ’ दोन्हींना. एकदा सगळ्यांना मिळून, नाहीतर प्रत्येकाला वेगळा. अधलंमधलं नाही. पाचांपैकी दोघांना दिला आणि तिघांना विसरला, असं तिथे झालेलं नाही. आणि मराठी उद्देशिकेत तर हे आणखी गमतीनं दिसतं : “विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य”, शेवटी सगळ्यांना मिळून एक ‘यांचे’, आणि “दर्जाची व संधीची समानता”, दोन्हींना आपापला ‘ची’. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं उद्देशिकेत ‘सोशलिस्ट’ आणि ‘सेक्युलर’ हे शब्द आले. ‘सॉव्हरिन’ आणि ‘डेमोक्रॅटिक’ ही विशेषणं तिथे आधीच होती, त्यांच्या मध्ये ही दोन विशेषणं बसली. वाक्य मोडावं लागलं नाही. ओळ नीट लावलेली असली की नव्या पाहुण्याला जागा करणं सोपं जातं.

हे सगळं केवळ शोभेसाठी नाही, हे मला विशेष सांगायचं आहे. ओळखीतल्या एका आजींचा मुक्काम बेंगळुरूला मुलाकडे होता. सूनबाई नोकरीला, म्हणून दिवसा सोबतीला एक बाई ठेवलेली. त्या बाईंना मराठी येत नसे, थोडं इंग्रजी वाचता येई. डॉक्टरांनी मीठ कमी आणि संध्याकाळी फिरणं असं सांगितलं होतं. सूनबाईंनी घाईघाईत चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली : “शी शुड नॉट टेक एक्स्ट्रा सॉल्ट अँड वॉक इन द इव्हिनिंग.” आठवडाभर आजी घरात बसून. त्यांनी चपला घातल्या की त्या बाई दारात उभ्या राहत आणि चिठ्ठीकडे बोट दाखवत. बाईंचं काय चुकलं? काहीच नाही. ‘शुड नॉट’ हे वाक्याचं तोंड ‘टेक’लाही लागतं आणि ‘वॉक’लाही लागतं. आपली यादीची युक्ती लावून बघा : “शी शुड नॉट टेक”, “शी शुड नॉट वॉक”. कागदावर फिरणं बंदच केलेलं होतं! “शी शुड वॉक इन द इव्हिनिंग अँड शुड नॉट टेक एक्स्ट्रा सॉल्ट” असं लिहिलं असतं तर ‘शुड’ आणि ‘शुड नॉट’ आपापल्या जागी राहिले असते. माझं तर स्पष्ट मत आहे की औषधपाण्याच्या चिठ्ठीत ‘करावं’ आणि ‘करू नये’ एका वाक्यात घालूच नये. दोन ओळी लिहाव्यात. कागद काही इतका महाग नाही.

आता परीक्षेतला लाडका प्रश्न, ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’. मुलं दोन्ही शब्द वाक्यात कुठेतरी कोंबतात आणि मोकळी होतात. “शी नॉट ओन्ली टीचेस इंग्लिश बट ऑल्सो मॅथ्स.” ‘नॉट ओन्ली’च्या पुढे क्रियापद आलं, ‘बट ऑल्सो’च्या पुढे विषयाचं नाव. तागडी वाकडी झाली. “शी टीचेस नॉट ओन्ली इंग्लिश बट ऑल्सो मॅथ्स” म्हटलं की दोन्हीकडे विषयच राहतात. मराठीत आपण म्हणतो, “ती इंग्रजीच नव्हे तर गणितही शिकवते.” आपले ‘च’ आणि ‘ही’ शब्दाला चिकटून बसतात, त्यामुळे ते भरकटत नाहीत. इंग्रजीतले हे शब्द सुटे असतात, म्हणून त्यांना हाताला धरून योग्य शब्दापुढे नेऊन उभं करावं लागतं. मुलांना हे ‘च’ आणि ‘ही’चं गुपित सांगा, चटकन समजतं. “मराठीत ‘च’ कुठे लागला? मग त्याच शब्दाच्या आधी ‘नॉट ओन्ली’.” ‘बोथ... अँड’, ‘आयदर... ऑर’, ‘नायदर... नॉर’ या जोड्यांचंही तसंच आहे, त्यांच्यासाठी वेगळं काही शिकायला नको.

एके ठिकाणी मात्र मराठी कानावर विसंबू नका, आणि ते ठिकाण म्हणजे तुलना. “या शाळेची फी त्या शाळेपेक्षा जास्त आहे” हे आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत तसंच उतरवलं, तर एका बाजूला फी आणि दुसऱ्या बाजूला अख्खी शाळा ठेवल्यासारखं होतं. “द फीज ऑफ धिस स्कूल आर हायर दॅन दोज ऑफ दॅट स्कूल” असं हवं. फीची तुलना फीशी. माझ्या वर्गातल्या एकीनं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं, “माय मदर-इन-लॉज पुरणपोळीज आर सॉफ्टर दॅन मी.” आम्ही सगळ्याजणी पोट धरधरून हसलो, ती स्वतःसुद्धा. ‘मी’च्या जागी ‘माइन’ केलं आणि सासूबाईंच्या पोळ्यांची तुलना सुनेऐवजी सुनेच्या पोळ्यांशी झाली.

एवढं कळलं की काही जणी दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक तुकडा सारख्याच लांबीचा करायला बघतात. त्याची गरज नाही. घडण सारखी हवी, लांबी नव्हे. वरच्या अर्जातच पाहा, ‘अ बी. ए. डिग्री’ केवढं छोटं आणि शेवटचा तुकडा केवढा लांब! पण तिन्ही नामंच. तसंच “आय लाइक म्युझिक अँड रीडिंग” यात ‘-इंग’ एकालाच आहे म्हणून ते खोडू नका. ‘रीडिंग’ इथे नामाचंच काम करतंय, वाक्य अगदी शुद्ध आहे. आणि ज्या गोष्टी मुळातच एका जातीच्या नाहीत त्यांना एका दोऱ्यात ओवण्याचा हट्ट तरी कशाला? “आय हॅव टू चिल्ड्रन, गुड हँडरायटिंग अँड स्पीक हिंदी” हे सुधारण्यापेक्षा मुलांचं वेगळं वाक्य करावं, हस्ताक्षराचं आणि हिंदीचं वेगळं.

सरावाला पुस्तक लागत नाही. शाळेच्या ग्रुपवर येणाऱ्या सूचना, दुकानांवरच्या पाट्या, सोसायटीच्या नोटिसा, सगळीकडे अशी वाक्यं पडलेली असतात. मटार सोलता सोलता मुलांना एखादं घालावं. आमच्याच इमारतीच्या जिन्यात एक पाटी आहे : “रेसिडेंट्स आर रिक्वेस्टेड टु क्लोज द टॅप, स्विचिंग ऑफ द लाइट अँड दॅट दे शुड नॉट थ्रो गार्बेज.” यादी करून, वाक्याचं तोंड लावून बघा आधी. मग हे ताडून पाहा : “रेसिडेंट्स आर रिक्वेस्टेड टु क्लोज द टॅप, टु स्विच ऑफ द लाइट अँड नॉट टु थ्रो गार्बेज.” तिन्हींना ‘टु’, आणि नकार आहे तिथे ‘टु’च्या आधी ‘नॉट’. माझ्या वर्गातल्या दोघीजणींनी हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून सेक्रेटरींकडे दिलं आहे. नवी पाटी पुढच्या रंगकामात लावू, असं ते म्हणालेत.