पुण्याचा स्पेक्ट्रम आणि आठ ओळींतला 'प'

ज्या संगणकाची सारी कार्यस्मृती ४८ किलोबाइटांत आटोपते, ज्याचा झेड-८० प्रोसेसर सेकंदाला पस्तीस लाख ठोक्यांच्या वेगाने चालतो, आणि ज्याला पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच व दप्तर म्हणून कॅसेटचा टेपरेकॉर्डर पुरतो, अशा यंत्रापायी आज सुट्टीचे दिवस वेचणाऱ्या माणसाचे भोवतालच्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. माझे मत मात्र असे की, संगणक म्हणजे काय हे ज्याला मुळापासून उमजून घ्यायचे आहे, त्याने एकदा तरी असे लहान यंत्र हाताळावे. कारण ते आपल्यापासून काहीच लपवीत नाही.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात स्पेक्ट्रम नावाचा हा संगणक विक्रीस काढला. १९८४ मध्ये त्याची टणक कळफलकाची 'प्लस' आवृत्ती आली, आणि त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने येथे बनवली. सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो आले होते खरे, पण शाळेचे यंत्र तासापुरते. घरातल्या मेजावर रात्री उशिरापर्यंत बसता येईल असा संगणक मध्यमवर्गीय मुलांना मिळाला तो बहुधा हाच.

वसईतल्या आमच्या पापडीत अशा यंत्राचा पहिला शत्रू म्हणजे हवा. वसईचे खारे वारे आणि पावसाळ्यातली ओल यांनी पाठीमागच्या जोडपट्टीचे तांबे हिरवट पडते. कळफलकाखालच्या पातळ प्लास्टिक पडद्याच्या शेपट्या कालांतराने ठिसूळ होऊन तुटतात, आणि जुने कपॅसिटर सुकून निकामी होतात. याहून जपण्याची गोष्ट निराळीच आहे. खालच्या १६ किलोबाइटांच्या स्मृतीचिपांना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्ट-दाब एकाच वेळी लागतात. त्यांतला उणे पाचाचा पुरवठा खंडित झाला तर चिपा जळतात. म्हणून अनेक वर्षे माळ्यावर पडलेला संच उत्साहाच्या भरात एकदम चालू करू नये. आधी मीटर लावून दाब तपासावेत, लागणारे जिन्नस ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणावेत, आणि मगच पडद्याकडे पाहावे.

यंत्र जागे झाले की क्षणार्धात हुकमाची वाट पाहू लागते. 'पी' ही एकच कळ दाबताच 'प्रिंट' हा संपूर्ण शब्द उमटतो. कॅसेट लावली तर कर्कश सूर सुरू होतो, पडद्याच्या कडेला आधी तांबड्या-आकाशी रुंद पट्ट्या, मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या धावतात, आणि पूर्ण स्मृती भरायला पाचेक मिनिटे लागतात. माहितीचा कण न् कण आत येताना येथे डोळ्यांना दिसतो व कानांना ऐकू येतो.

परंतु खरा आनंद आहे तो मराठी अक्षर घडवण्यात. प्रत्येक अक्षराला आठ ओळी व आठ स्तंभांचे एक घर मिळते. ओळीतल्या ठिपक्यांचे मोल डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे धरून भरलेल्या ठिपक्यांची बेरीज करायची. २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ० हे आठ आकडे 'पोक' या आज्ञेने स्मृतीत ठेवले की 'प' तयार. पहिल्या ओळीतले २५५ म्हणजे शिरोरेषा. घरे एकमेकांस चिकटून असल्यामुळे ती शेजारच्या कान्यात अखंड मिसळते.

स्वतःच्या आकारांसाठी जागा मिळते ती २१ घरांचीच, आणि मराठीला तेवढी अपुरी पडते. पण २३६०६ व २३६०७ या दोन पत्त्यांवरचे आकडे बदलले की यंत्राच्या मूळ ९६ आकारांच्या जागी आपले ९६ आकार येतात. 'डी'ची वेलांटी मात्र शिरोरेषेच्या वर जाते, म्हणून ती वरच्या ओळीतल्या घरात काढावी लागते. उकार खालच्या ओळीत उतरतो. या हिशेबाने छपाईच्या बावीस ओळींत मराठीच्या जेमतेम अकरा बसतात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकाच घरात आली, तर दुसरा आकार पहिल्याला पुसून टाकील. तेथे 'ओव्हर १' ही आज्ञा द्यावी, म्हणजे दोन्ही आकार शाबूत राहतात.