पाय टेकेपर्यंत

डिसेंबरात पायाला प्लास्टर घेऊन विंचूरला घरी आले, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "छत्री उघडली नव्हती का गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं, दूधवाल्या भाऊंनी विचारलं, आप्पांच्या मार्केटातल्या मंडळींनीही विचारलं. छत्री अगदी नीट उघडली होती. पाच हजार फुटांवर उघडली, पाचेक मिनिटं मी मजेत खाली येत होते, आणि घोटा मोडला तो शेवटच्या चार मीटरमध्ये. माझी ती पॅराशूटची अकरावी उडी होती. नवशिक्यांच्या बहुतेक दुखापती अशाच होतात, उघडलेल्या चांगल्या छत्रीखाली, जमीन हाताशी आल्यावर. त्या चार मीटरमध्ये काय घडतं, मोडलेला पाय परत कसा तयार होतो आणि तोवर या खेळाशी नातं कसं राखायचं, ते इथे सविस्तर सांगते.

शिकणाऱ्याला मोठी छत्री देतात, साधारण २३० ते २८० चौरस फुटांची. ती गोल नसते. आतून कप्पे असलेला कापडाचा चौकोनी पंखच असतो तो. पुढच्या तोंडांतून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. म्हणून ती नुसती खाली येत नाही, पुढेही धावते. वारा पडलेला असेल तर ताशी तीसेक किलोमीटर पुढे आणि सेकंदाला चार-पाच मीटर खाली. सेकंदाला पाच मीटर म्हणजे सव्वा मीटर उंच ओट्यावरून उडी मारल्यावर जमिनीला लागतो तो वेग. एवढ्या ओट्यावरून गावातलं कुठलंही पोर उतरतं. पण तीच उडी चालत्या मोटारसायकलवरून मारायची म्हटलं, की गोष्ट वेगळी होते.

तो वेग मोडण्यासाठी दोन्ही हातांत दोन कड्या असतात, त्यांना टॉगल म्हणतात. त्यांच्या दोऱ्या पंखाच्या मागच्या कडेला बांधलेल्या असतात. जमीन तीन-चार मीटरवर आली की दोन्ही टॉगल एकदम आणि सारखे खाली ओढायचे. मागची कड वाकते, पुढची धाव उचलीत बदलते आणि क्षणभर आपण जमिनीलगत जवळजवळ आडवे तरंगतो. त्या क्षणात पाय टेकवायचे. याला फ्लेअर म्हणतात. उशिरा ओढलं तर उचल मिळायच्या आतच जमीन येते. लवकर ओढलं तर धाव हवेतच संपते आणि छत्री वरूनच धपकन बसते. आणि लवकर झालं म्हणून घाबरून हात पुन्हा वर सोडले, तर ती पुढे झेप घेते. हे सगळ्यांत वाईट. जिथे ओढलं तिथेच धरून ठेवायचं, एवढंच तेव्हा हातात असतं.

मी थोडं लवकर ओढलं. तोल डावीकडे जातोय असं वाटलं आणि डावा हात आपोआप जमिनीकडे गेला. पडताना हात टेकवणं माणसाच्या अंगात जन्मापासून आहे. पण त्या हातात टॉगल होता. डावा हात खाली गेला की पंखाची डावी कड जास्त वाकते, छत्री डावीकडे वळते, आणि ज्या बाजूला पडायची भीती वाटते त्याच बाजूला ती आपल्याला नेते. मी डावा पाय एकटाच पुढे काढून जमीन शोधली. तो मऊ मातीत रुतला आणि बाकीचं शरीर त्याच्यावरून फिरून गेलं. बाहेरच्या घोट्याचं हाड, म्हणजे फिब्युलाचं खालचं टोक, तिरकं चिरलं.

हे टळावं म्हणून पहिल्याच दिवशी पडायला शिकवतात. दोन्ही पाय, घोटे आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवायचे. मग एक पाय दुसऱ्याला फळीसारखा आधार देतो. गुडघे किंचित वाकलेले. चवडे टेकले की बाजूला लोळायचं: चवडा, पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, मग पाठीची कड. जो धक्का एका घोट्यात शिरला असता, तो पाच ठिकाणी वाटला जातो. सैन्याची गोल छत्री माणसाला जवळजवळ सरळ खाली आणते, तिला फ्लेअर नाही, म्हणून आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये विमानात बसण्याआधी हे लोळणं घटवून घेतात. आम्ही चौकोनी छत्रीवाले पायांवर उभं राहून उतरायच्या नादात ते विसरतो. मला ते तोंडपाठ होतं. अंगात उतरलेलं नव्हतं.

नाशिकला ऑपरेशन झालं. एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. पट्टीने हाड जुळतं असं घरी सगळ्यांना वाटत होतं. मग आप्पांना द्राक्षाच्या कलमाची आठवण करून दिली. डॉगरिजच्या खुंटावर आपण काडी भरतो आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतो. ती पट्टी कलम जोडत नाही. खुंट आणि काडी एकमेकांत वाढेपर्यंत त्यांना हलू देत नाही. हाडाचंही तेच. आधी मोडलेल्या जागी रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. पुढे त्यात हळूहळू खनिज भरून तो कडक होऊ लागतो. मग कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, हाड स्वतःला घडवत राहतं आणि ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने घट्ट होतं. म्हणजे भार न दिलेलं हाड मजबूत होणार नाही आणि घाईने दिलेला भार सांधा हलवणार. सगळी अवघड गोष्ट या दोन टोकांच्या मधे आहे.

सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता दहा किलोपासून सुरुवात करा. दहा किलो म्हणजे पाय किती दाबायचा, ते कुणालाच अंदाजाने कळत नाही. आप्पांनी कांद्याच्या चाळीतला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पडवीत आणून ठेवला. काट्यावर डावा पाय, शेजारी तेवढ्याच उंचीच्या विटांवर उजवा, दोन्ही हातांत कुबड्या. ज्या काट्यावर गोण्या चढतात, त्यावर मी आकडा दहावर आणून डोळे मिटायची, पायाला ते ओझं लक्षात ठेवायला लावायची, मग चालायची. चार दिवसांनी वीस. आकडा माझ्या पूर्ण वजनाला, चौपन्नला, पोहोचला तेव्हा कांद्याची लागण केव्हाच उरकली होती.

त्या सहा आठवड्यांत एका जागी बसून मी वारा पाहायला शिकले. उडीचा निम्मा अभ्यास वाऱ्याचाच असतो, आणि विंचूरसारखी जागा त्याला सहज मिळणार नाही. जानेवारीत आमच्या निफाड तालुक्यात कडाक्याची थंडी पडते. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तो धूर वर जात नाही. थोडा चढतो आणि बागेवर चादरीसारखा पसरून राहतो. रात्री जमीन उष्णता सोडून थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते, आणि वरचा वारा त्या थरावरून घसरून जातो. संक्रांतीला हे स्पष्ट दिसलं. शेजारच्या येवल्याचं पतंगांचं वेड आमच्याकडेही आहे. सकाळी पोरांचे पतंग गच्चीच्या उंचीवर लटपटायचे, पण एकदा वर पोहोचले की दोर ताणून दुसऱ्याच दिशेला उभे राहायचे. खाली एक वारा, वर दुसरा. नऊ-दहाला ऊन तापलं की थर मोडायचा, वरचा वारा झोताझोताने जमिनीवर यायचा आणि बागेवरचा धूर पाच मिनिटांत नाहीसा व्हायचा. शिकणाऱ्यांना भल्या सकाळी का बोलावतात, ते मला तिथे कळलं. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार शिकाऊ माणसाने ताशी १४ मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या वर वारा असला की उडी मारायची नाही.

आमची कांद्याची चाळ एकपाखी, म्हणून दक्षिणोत्तर बांधलेली. पश्चिमेचा वारा तिच्या आरपार जावा आणि कांदा कोरडा राहावा, यासाठी. पण चाळ भरलेली असली की तीच वाऱ्याला अडवणारी भिंत होते. तिच्या पूर्वेला मी मूठभर कांद्याची सालं उडवून पाहायची. चाळीजवळ ती गोल फिरत खाली बसायची, काही तर उलटी चाळीकडे यायची. बरीच लांब गेल्यावर मात्र सरळ वाहायला लागायची. अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा असा घुसळलेला राहतो. चाळ पंधरा फुटांची धरली तर दीडशे ते तीनशे फूट. त्या पट्ट्यात फुगलेली छत्रीही अचानक बसू शकते. झाडांच्या किंवा गोदामाच्या आडोशाला उतरू नका, हे वाक्य वर्गात ऐकलं होतं. कांद्याच्या सालांनी ते डोळ्यांसमोर आणलं.

मार्च-एप्रिलमध्ये वावटळी सुरू झाल्या. नांगरून टाकलेली काळी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते. शेजारची हिरवी बाग थंड, तिथे हवा खाली येते. बांधावरून जाताना छत्रीला म्हणूनच हिसके बसतात. आणि उन्हाळ्यात हवा विरळही होते. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. चाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा किनाऱ्यावरच्या थंड हवेपेक्षा इतकी पातळ असते, की तीच छत्री आठेक टक्के जास्त वेगाने उतरेल. हेच गणित टोकाला कसं जातं, ते पुण्याच्या शीतल महाजन यांच्या उड्यांत दिसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात हेलिकॉप्टरमधून उड्या घेताना त्या स्यांगबोचेला १२,५०० फुटांवरही उतरल्या. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश असते. छत्रीचा वेग पाचव्या हिश्श्याने वाढतो आणि फ्लेअरला वेळ तेवढाच कमी मिळतो. त्यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, ती बातमी मी कापून ठेवली होती. माझी सुरुवात तिथून झाली.

हाड जुळल्याचा एक्स-रे आला, की सगळे म्हणतात बरी झालीस. माझी डावी पोटरी टेपने मोजली तर उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक होती. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. घोट्याभोवतीच्या अस्थिबंधांत आणि स्नायूंत पाय कुठे आहे, किती वाकलाय, हे मेंदूला कळवणाऱ्या नसा असतात. दुखापतीत आणि प्लास्टरमध्ये त्या मंदावतात. परीक्षा सोपी आहे. एका पायावर उभं राहून डोळे मिटा. उजव्यावर मी अर्धा मिनिट उभी राहायची, डाव्यावर चार सेकंदही नाही. ओबडधोबड जमिनीवर उतरताना पाहायला वेळ नसतो. घोट्याने स्वतःच सावरायचं असतं. म्हणून रोज आधी घोटा वाकवणं, मग भिंतीला हात लावून एका पायाची टाच उचलणं, मग डोळे मिटून उभं राहणं, मग वीट, मग दोन विटांवरून दोन्ही पायांनी उतरून लोळणं. लोळायला जुन्या गोधड्या. डॉक्टरांना "मी कधी उडू?" असं विचारू नका, हा माझा सल्ला आहे. त्यांनी तुमचा खेळ पाहिलेला नसतो. "सव्वा मीटरवरून दोन्ही पायांवर उतरण्याएवढा भार हा सांधा घेईल का?" असं विचारा, म्हणजे उत्तर नेमकं मिळतं.

हात आणि डोकं मात्र पहिल्या आठवड्यापासून कामाला लावता येतात. मी उडी शिकत होते त्या शाळेने उडण्यातून बाद केलेली एक छत्री मला दिली होती. ती मी ओसरीत पसरून घडी घालायची. गच्चीवर नाही, कारण ऊन नायलॉनला कमकुवत करतं. आणि छत्री बिघडली तर काय करायचं, त्याचा सराव. उजवीकडच्या मऊ मुठीने बिघडलेली मुख्य छत्री सोडून द्यायची, मग डावीकडच्या मुठीने राखीव उघडायची. क्रम चुकला तर दोन्ही एकमेकींत गुंतू शकतात. निर्णय २,५०० फुटांवर झालाच पाहिजे, कारण तिथून छत्रीविना जमीन जेमतेम चौदा सेकंदांवर असते. आईने माझ्या जुन्या दप्तराच्या पट्ट्यांना दोन कापडी मुठी शिवून दिल्या. माझं हे वेड तिला कधीच पसंत नव्हतं. पण एकदा भाकरी थापताना तिने विचारलं, "उजवी आधी ना गं?" दुसऱ्या दिवसापासून ती मधेच, कुठल्याही कामात, ओरडायची, "छत्री फिरतेय!" आणि मी जिथे असेन तिथे खाली पाहून, उजवी ओढून, डावी ओढायची. कधी हात अडखळला तर ती तवा उतरवून माझ्यापुढे येऊन उभी राहायची. "पुन्हा कर."

परतीचा रस्ता नियमांनी आखलेला आहे. अमेरिकेच्या त्याच पॅराशूट संघटनेच्या नियमांनुसार शिकाऊ माणसाचा तीस दिवसांचा खंड पडला, की पुढची उडी प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली. पहिला परवाना पंचवीस उड्यांनी मिळतो. माझ्या अकरा जातात कुठे, त्या वहीत तशाच आहेत, पण वर्ग मात्र पहिल्यापासून करायचा. हैदराबादेत आता मुक्त पतनाच्या सरावासाठी हवेचा बोगदा आहे, तिथे जमिनीला लागण्याचा प्रश्नच नाही. पण मी पडले ती हवेत नव्हे, म्हणून आधी मोठी छत्री, सकाळचा वारा आणि फ्लेअर.

आज डावी टाच एकोणीस वेळा उचलली, उजवी सत्तावीस. पंचवीसशिवाय विमान नाही, असं माझं आणि फिजिओथेरपिस्टचं ठरलंय. उन्हाळ कांदा चाळीत भरून झालाय आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेला ढग जमायला लागलेत. माझी वाऱ्याची वही आता पडवीत खुंटीला टांगलेली असते. दिवसातून तीनदा दिशा, जोर, धूर कसा चाललाय ते. मघाशी आप्पा ताडपत्री खांद्यावर घेऊन आले आणि वहीकडे हात करून म्हणाले, "बघ गं, आज कुठल्या बाजूने बांधू?"

सकाळपासूनच्या पहिल्या दोन नोंदी पश्चिमेच्या होत्या, शेवटची मात्र फिरलेली. मी कुबडीशिवाय पायरी उतरले आणि सालं घ्यायला चाळीकडे गेले.