क्षय एकच, जंतू मात्र अनेक

आपल्या वसतिगृहात एका दालनात अनेक मुले झोपतात. त्यामुळे दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला येथे एकट्या मुलाचा प्रश्न राहत नाही. क्षयाचे निदान झाले की साधारणतः सहा महिन्यांचा उपचार सुरू होतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे; पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. बहुतेक रुग्ण याने बरे होतात. ज्यांचा आजार हटत नाही, त्यांनी गोळ्या चुकविल्या असे आपण मानून मोकळे होतो. हा आरोप प्रत्येक वेळी न्याय्य नसतो.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविलेल्या जंतूला भाऊबंद आहेत. गुरांमधील ‘बोव्हिस’ हा त्यांपैकी एक. तो कच्च्या दुधातून माणसात येतो. पायराझिनामाइड स्वतः जंतूला मारीत नाही; जंतूच्याच एका विकराने त्याचे रूपांतर केल्यावर ते मारक ठरते. बोव्हिसमध्ये नेमके हेच विकर निकामी असते. म्हणजे चारांतील एक औषध पहिल्या दिवसापासूनच व्यर्थ, आणि उपचार बहुधा नऊ महिन्यांपर्यंत लांबवावा लागतो. (आपल्या मुलांना टोचली जाणारी बीसीजी लस याच बोव्हिसचे दुर्बळ केलेले रूप आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) सीबीनॅट किंवा गोव्यातील कंपनीची ट्रूनॅट ही चाचणी या दोन जंतूंत भेद करीत नाही. येवला तालुक्यातील खेड्यांत ज्यांच्या दारी गाय-म्हैस आहे, त्यांनी दूध उकळूनच द्यावे.

माती-पाण्यातील काही दूरचे नातलग सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब क्षयजंतूसारखेच दिसतात. थुंकीत जंतू दिसतात, पण सीबीनॅटमध्ये क्षय आढळत नाही, तेव्हा यांची शंका घ्यावी. यांना औषधे वेगळी लागतात, आणि थुंकी जंतुमुक्त झाल्यावरही अनेकदा वर्षभर ती चालू ठेवावी लागतात.

सर्वांत कठीण प्रकार मात्र मूळ जंतूचाच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. असा प्रतिरोधी जंतू श्वासावाटे थेटही येतो. एकही गोळी न चुकविलेल्या मुलालाही तो होऊ शकतो.

म्हणून दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासून घ्यावी. जंतू अद्याप दिसत असतील, तर मुलाला रागे भरण्याआधी जंतुसंवर्धन आणि औषध-संवेदनशीलता या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.