दिवाळीच्या रंगाचा पूर्वरंग

विजयादशमीचे सोने वाटून होते न होते तोच आमच्या पंढरपुरातील जुन्या वाड्यांतून जळमटे उतरू लागतात आणि चार दिवसांत रंगाचा दर्प गल्लीबोळांतून पसरतो. दीपावलीस घर उजळावे, ही प्रथा जुनीच. परंतु रंगाचे डबे घरात येण्यापूर्वी जे एक काम व्हावयास हवे, त्याची आठवण बहुधा कोणास राहत नाही. ते काम म्हणजे खिडक्यांच्या तावदानांभोवतीची जुनी लांबी तपासून दुरुस्त करणे.

आम्हांसही ती राहिली नव्हती, हे येथेच कबूल करतो. गतवर्षी नरकचतुर्दशी दोन दिवसांवर आलेली. माडीवरच्या खिडकीची लांबी ठिकठिकाणी तडकली होती. रंगाऱ्याने ती दाखविलीही. 'वरून दोन हात फिरवा, म्हणजे झाले,' हे शब्द आमचेच. लक्ष्मीपूजनास खिडकी लखलखली. आषाढात मात्र ऐन वारीच्या दिवसांत पाऊस त्या भेगांतून आत उतरला. खोली कुलूपबंद, आम्ही कीर्तनात. चार दिवस कोणाच्या ध्यानी आले नाही. खिडकीखालच्या फडताळात आमच्या तीर्थरूपांच्या हातची आख्यानांची वही होती. सुदामचरित्राच्या अकरा पानांवर शाई पसरून नुसते निळे डाग उरले. ते आख्यान आता आमच्या स्मरणात आहे तेवढेच.

लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांचा मळलेला गोळा; कोणी हिला लुकणही म्हणतात. जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते. पुढे वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते ठिसूळ होते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. काच त्या मानाने हलत नाही. या ओढाताणीत मधली लांबी तडकते. जवस म्हणजे संस्कृतातील अतसी. वज्रलेप हा शब्द श्रीविठ्ठलमूर्तीच्या संवर्धनामुळे पंढरीच्या लोकांस परिचित आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय असून त्यातील द्रव्यांत राळ, गुग्गुळ, बेल यांच्या पंक्तीस ही अतसीही बसलेली आहे. तो लेप कोटी वर्षे टिकतो, असे आचार्य सांगतात. आमची लांबी तीस-चाळीस वर्षे टिकली तरी आम्ही धन्यता मानू!

आता कृती. सगळी लांबी उकरण्याचा अट्टाहास नसावा. जी घट्ट आहे ती राहू द्यावी. जी पत्तीच्या टोकाने हलते तेवढीच काढावी. पटाशीवर हातोडी मारली की तावदान गेलेच म्हणून समजा. जुना रंग कोरडा घासू नये. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत ते दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा पृष्ठभाग ओला करूनच घासावा, नाकातोंडावर फडके बांधावे आणि रांगती नातवंडे त्या दिवशी दुसरीकडे धाडावीत.

खाच स्वच्छ झाली की उघड्या लाकडास बेलतेलाचा किंवा अस्तराचा पातळ हात द्यावा. हा हात अनेक जण गाळतात. तहानलेले लाकूड लांबीतील तेल पिऊन टाकते आणि नवी लांबी वर्षाच्या आत भुगा होऊन गळते. काच धरणारे बारीक चुके जागेवर आहेत ना, ते पाहावे. मग लांबी तळहातावर पुरणासारखी मऊ मळून खाचेत दाबावी आणि पत्ती एका ओढीत तिरकी फिरवावी, म्हणजे पाणी काचेवरून लाकडाकडे न थांबता ओघळते. दुकानात भिंतीची पुट्टी मिळते, ती सिमेंटाची; ती येथे चालत नाही. बेलतेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. दिवाळीच्या घरात तर हे कटाक्षाने पाळावे.

यानंतर थांबावयाचे. लांबीवर साय धरण्यास एक-दोन आठवडे लागतात. दशमीपासून नरकचतुर्दशीपर्यंत एकोणीस तिथी मिळतात. पंचांगाने ही सोय करूनच ठेवली आहे. कोजागरीपूर्वी लांबी, वसुबारसेच्या सुमारास रंग. नारदीय कीर्तनात पूर्वरंग उरकून कोणी आख्यानास हात घातला तर श्रोते चुळबुळू लागतात. खिडकी बिचारी आषाढापर्यंत काही बोलत नाही. रंगाचा हात काचेवर दोन मिलिमीटर चढलेला असावा, म्हणजे लांबी व काच यांच्यामधील सांधा झाकला जातो.

यंदा माडीवरची खिडकी आम्ही द्वादशीस भरून घेतली. काल बोट टेकविले तर ठसा उमटला. रंगाऱ्यास वसुबारसेस यावे, असा निरोप धाडला आहे. वही तूर्त देवघरातील पेटीत आहे.