काळी चाय चवीने प्या, जेवणापासून दूर ठेवा

गडचांदूरच्या वस्त्यांत पहाटे चूल पेटते किंवा गॅस लागतो तो आधी चहासाठी. कोणाला सिमेंट कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे असते, कोणाला कापूस वेचायला, कोणाला मुलांचे डबे करायचे असतात. दूध असेल तर दुधाचा, नसेल तर कोरा. आपल्याकडे त्याला काळी चाय म्हणतात. पाहुणा आला की बाई आधीच सांगून टाकते, "दूध नाही जी, काळीच चाय आहे." हे सांगताना तिचा आवाज खाली जातो.

माता-भगिनींनो, आवाज खाली जाण्याचे काही कारण नाही. चांगला केलेला कोरा चहा ही गरिबीची खूण नव्हे. त्याला स्वतःची चव आहे. मात्र ती चव ज्या गुणामुळे येते, तोच गुण आपल्या रक्ताच्या आड येऊ शकतो. म्हणून या वेळी आरोग्य पानावर दोन गोष्टी सांगतो: कडक चहाची चव कशी घ्यावी आणि तो केव्हा घेऊ नये.

कप आपलाही आहे

चहाच्या कपाशी आपला जुना हिशेब आहे. एके काळी हॉटेलाबाहेर आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. पिऊन आपणच ती धुवायची आणि पुन्हा वेगळी ठेवायची. संविधानाच्या कलम १५ ने दुकाने आणि हॉटेले सर्वांना खुली केली, कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे शिक्षेस पात्र ठरवले. चहाच्या टपरीवर आज आपण सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहतो, त्यामागे एवढी लढाई आहे.

चहाच्या पत्तीमागेही मजुरांचा घाम आहे. इंग्रजांनी आसामात मळे लावले तेव्हा छोटा नागपूर, ओडिशा आणि मध्य प्रांतातून आदिवासी व दलित मजूर करारावर नेले. आपला चांदा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. पुढे चहा कंपन्यांनी देशात गिऱ्हाईक वाढवण्यासाठी गिरण्या आणि कोळसा खाणींत चहाच्या टपऱ्या लावायला प्रोत्साहन दिले. कामगाराच्या हाती चहा आला तो असा.

आपण वापरतो ती बारीक दाणेदार पत्ती बहुतेक सीटीसी असते. यंत्रात पान चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात सुरू झाली. दाणा बारीक असल्याने रंग आणि कडकपणा पाण्यात लवकर उतरतो. इंग्लंडात न्याहारीसोबत जो कडक चहा पितात, त्याच्या मिश्रणातही आसामची पत्ती असते, जोडीला बहुधा श्रीलंका आणि केनियाची. म्हणजे साहेबाच्या टेबलावरचा सकाळचा चहा आणि आपली काळी चाय एकाच कुळातली आहे.

चव घ्यायची कशी?

एका कपाला एक लहान सपाट चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पत्ती पुरते. पाण्याला खळखळ उकळी आली की पत्ती टाका, एक उकळी येऊ द्या, आच बंद करा आणि झाकण ठेवा. तीन ते चार मिनिटांनी गाळा. दहा-पंधरा मिनिटे उकळत ठेवलेला किंवा सकाळचीच पत्ती दिवसभर पुन्हापुन्हा उकळून केलेला चहा कडक होत नाही, नुसता कडवट-तुरट होतो. वास उडून जातो आणि मागे तुरटपणा उरतो.

आता आधी वास घ्या. चांगल्या आसाम चहाला भाजलेल्या धान्यासारखा खमंग वास असतो. मग रंग पाहा: तांबूस-लाल आणि चमकदार हवा. मग घोट घ्या, भुरका मारूनच घ्या. बशीतून भुरका मारणे गावंढळपणाचे, असे आपल्या पोरांना कोणी शिकवले असेल तर त्यांना सांगा की चहाचे पगारी पारखीसुद्धा मोठ्याने भुरका मारतात. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहा जिभेभर पसरतो आणि वास नाकापर्यंत पोहोचतो.

घोट गिळल्यावर तोंडाकडे लक्ष द्या. कडूपणा जिभेला कळतो. तुरटपणा वेगळा: कच्चे टेंभूर किंवा आवळा खाल्ल्यावर तोंड आवळते, तसा. थोडा तुरटपणा हवाच, त्यानेच तरतरी वाटते. तोंड पार कोरडे पडले, तर चहा जास्त उकळला असे समजा. साखर आधी न घालता दोन घोट घेऊन पाहा. चव कळू लागली की दोन चमच्यांवरून एकावर, एकावरून अर्ध्यावर येणे सोपे जाते. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे नक्की करावे.

चहा वाफाळता ओठाला लावू नका. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटले. बशीत ओतून निववण्याची आपली सवय इथे कामाची आहे. आणि चहा झाला की लगेच खर्रा, ही जोडी तर तोडाच. चहाने होणार नाही ते नुकसान खर्रा करतो.

पत्ती आणि पाणी

बाजारातली खुली पत्ती घेत असाल तर साधी तपासणी करा. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती ठेवून पाणी शिंपडा. पत्ती झाडल्यावर कागदावर गडद रंगाचे डाग दिसले, तर वरून रंग लावल्याचा संशय घ्या. पत्तीवरून चुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटून येतो. कडक चहा थंड झाल्यावर गढूळ दिसतो, ती मात्र भेसळ नव्हे. चांगल्या कडक चहात असे होतेच.

आपला भाग चुनखडीचा आहे, म्हणूनच इथे सिमेंटचे कारखाने आले. चुनखडीतून येणारे विहिरीचे, बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्याच्या कोऱ्या चहावर पातळ तवंग येतो आणि रंग मळकट दिसतो. लिंबाचे चार थेंब टाका, तवंग विरतो आणि रंग उजळतो.

दुसरी बाब गंभीर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे-सांधे आखडतात. पाण्यात लिटरमागे दीड मिलीग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. चहाच्या पानातही फ्लोराइड असते, म्हणून अशा गावात दिवसभर कडक चहा पिणे म्हणजे भर घालणे. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेकडे पाण्याच्या तपासणीची मागणी करा. तो आपला हक्क आहे.

रक्ताचा प्रश्न

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आहे. याला एकटा चहा जबाबदार नाही. अपुरे अन्न, जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे ही मोठी कारणे आहेत. पण चहा त्यात भर घालतो, आणि एवढी गोष्ट पैसा न खर्चता आपल्या हातात आहे.

आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो, हे आपण पाहतो. आवळ्यातला तुरट पदार्थ लोहाला धरून ठेवतो. चहातला तुरट पदार्थ पोटात हेच करतो. डाळ, पालेभाजी, भाकर यांतले लोह तो पकडतो आणि रक्तात जाऊ देत नाही. जेवणासोबत चहा घेतला तर हे लोह निम्म्याहूनही कमी मिळू शकते. मटण, कलेजी, मासळी यांतल्या लोहावर चहाचा असर कमी होतो. पण ते आपल्या ताटात रोज कुठे असते? दूध घातल्यानेही ही अडचण सुटत नाही.

ऐकले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा पाहाच. दवाखान्यातून मिळणारी लोहाची एक गोळी कुटून अर्धा कप कोऱ्या चहात टाका. चहा शाईसारखा काळा पडेल. (तो फेकून द्या आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.) गोळी चहासोबत घेतली की पोटात हेच घडते.

म्हणून नियम एवढाच: जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहासोबत कधीच नको, ती लिंबूपाण्यासोबत घ्या. पहाटे उठल्यावर चहा, तासाभराने न्याहारी, असे जमते. दुपारी जेवणावर लगेच चहा नको, तीन-चारला घ्या. शाळेत निळी गोळी घेणाऱ्या मुलींना हे समजावून सांगा. लहान मुलांना चहा-पोळीवर शाळेत पाठवू नका. गरोदर बाईला दिवसाला दोन लहान कप पुरे. आणि भूक मारायला चहा पिऊ नका. घरातली बाई सगळ्यांना वाढून स्वतः चहावर दुपार काढते, ही रीत मोडायलाच हवी.

सिकल सेल असलेल्यांसाठी

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकल सेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत बराच आहे. अशा रुग्णाचे रक्त लोहाच्या कमतरतेमुळेच कमी झालेले असते असे नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका. शरीरातले पाणी कमी झाले की दुखणे उसळते. चहा पाण्याची जागा घेत नाही. थंडीत चहा प्या, पण पाणी मोजून जास्त प्या. लग्न ठरवण्याआधी मुला-मुलींची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या.

विहारात एक प्रयोग

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात महिला मंडळाने तीन भांडी मांडावीत. पत्ती एकच, माप एकच. एक चहा तीन मिनिटांनी गाळा, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा पंधरा मिनिटे उकळा. तिन्ही साखरेशिवाय चाखा आणि कोणता आवडला ते सांगा. शेजारी लोहाच्या गोळीचा काळा पडलेला कपही ठेवा. तासभर भाषण देऊन जे कळत नाही, ते या चार कपांत कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!