पाणी, अल्कोहोल आणि एका इलेक्ट्रॉनची उडी

मोहाडी ओलांडून तुमसरकडे गेलं की मॅंगनीजचा पट्टा लागतो. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युतघटांसाठी जातं. तिथं त्याचं काम एकच, इलेक्ट्रॉन स्वीकारणं. पण एका धातूकडून दुसऱ्या धातूकडे इलेक्ट्रॉन किती वेगानं जाईल, हे केवळ त्या दोन धातूंवर ठरत नाही. भोवतीचा द्रावकही ते ठरवतो, आणि द्रावक दोन द्रवांचा मिळून झालेला असेल तर सरासरी काढून हिशेब जुळत नाही, हे मला इथं मांडायचं आहे.

धातूच्या अणूभोवती सायनाइड, अमोनिया यांसारखे गट बांधले गेले की धातुसंकुल तयार होतं. अशा दोन संकुलांमध्ये इलेक्ट्रॉन क्षणार्धात उडी मारतो. द्रावकाचे रेणू मात्र तितक्या चपळाईनं वळत नाहीत. म्हणून उडीआधीच त्यांची मांडणी अनुकूल व्हावी लागते आणि तिला ऊर्जा लागते. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ साली हे गणितात बसवलं. १९९२चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. त्यांच्या सूत्रात द्रावकाचा वाटा अपवर्तनांक आणि परावैद्युतांक यांवरून निघतो. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ७८, ॲसिटोनायट्राइलचा सुमारे ३६, म्हणजे निम्म्याहून कमी. तरी सूत्रातला तो घटक पाण्यासाठी ०.५५ आणि ॲसिटोनायट्राइलसाठी ०.५३ येतो. फरक नगण्य! तेव्हा द्रावक बदलल्यावर वेगात मोठा बदल दिसला, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ते फेरोसायनाइडमध्ये स्वच्छ दिसतं. त्याच्या सायनाइड गटांना पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात. फेरिसायनाइडपेक्षा फेरोसायनाइडवर ऋणभार जास्त, म्हणून ही पकडही जास्त. पाणी कमी होत गेलं की पकड सुटते आणि फेरोसायनाइड इलेक्ट्रॉन सहज सोडू लागतं. शिवाय मिश्रणात या आयनाभोवती पाणीच अधिक गोळा होतं. बाटलीतलं प्रमाण आणि आयनाच्या कुशीतलं प्रमाण एक नसतं. पाणी आणि अल्कोहोल मुळातच सरासरीनं वागत नाहीत. दोन्ही ५० मिलिलिटर एकत्र केले तर १०० भरत नाहीत, ९७च्या आसपास भरतात.

यावर आक्षेप असा की द्रावक बदलला की आयनांमधलं आकर्षण, चिकटपणा, विद्युतविभव सगळंच बदलतं. मग श्रेय कुणाला द्यायचं? आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. विभव वेगळं मोजता येतं. पूरक क्षार घालून आयनिक तीव्रता कायम राखता येते. सायनाइडऐवजी फिनॅन्थ्रोलिनमध्ये गुंडाळलेला धातू घेतला, तर हायड्रोजन बंधांचा प्रश्न बराचसा बाजूला सारता येतो. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या की कुणाचा वाटा किती, हे उलगडू लागतं.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. लिथियम बॅटरीतही मिश्र द्रावकच असतो: एथिलीन कार्बोनेट क्षार विरघळवतं, पण ३६ अंशांखाली गोठतं, डायमिथिल कार्बोनेट पातळ, पण एकट्यानं आयन नीट सुटे करत नाही. मोहाडी-तुमसरच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हा विषय जरूर हाती घ्यावा. फेरिसायनाइडचा पिवळा रंग ४२० नॅनोमीटरवर साध्या कलरीमीटरनंही मोजता येतो. व्हिटॅमिन सी घातलं की तो फिका पडतो. ही क्रिया दोन धातूंमधली नसली तरी माध्यमाचा परिणाम दाखवायला पुरेशी आहे. अल्कोहोल थोडं थोडं वाढवत न्यावं, आम्लाचं प्रमाण आणि तापमान बदलू देऊ नये, आणि आलेख सरळ रेषेत येतो का, हे विद्यार्थ्यांनाच काढून पाहू द्यावं.